सोळाव्या पानावरची शिडी

पुस्तक टेबलावर पालथं पडलं होतं. वर टाचलेल्या कागदावर दुकानदाराने लिहिलं होतं, 'पुस्तकाचं नाव मधेच येतं. बाकीच्या प्रतीही बघून घ्याव्यात.' तपासनीस बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्मा पुसल्याने मजकूर बदलत नाही हे एकतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना माहीत होतं, तरी पुसला. मग पुस्तक सुलटं करून उघडलं. पहिल्याच पानावर घड्याळाचा मनोरा होता आणि काही पानं पुढे दोन रंगारी एक बुटकी शिडी खांद्यावर घेऊन वर चढत होते. पान उलटलं, तर घंटा वाजत होती. आणखी उलटलं, तर सगळं गाव खाली उभं राहून टाळ्या पिटत होतं. टाळ्या संपल्या आणि तेव्हा कुठे पुस्तकाचं नाव आलं, 'तीन पायऱ्यांची शिडी'. त्यानंतर गोष्ट सुरू. खोलीत शिवायचं यंत्र खडखडत होतं, सरसाचा वास रोजच्यासारखाच उग्र होता, कोणी मान वर करूनही बघितलं नव्हतं. बाई खुर्चीच्या पुढच्या कडेला बसल्या होत्या. त्या नेहमी तशाच बसत. उंची अशी, की मागे टेकलं तर पाय लोंबकळतात, कडेला बसलं की निदान चवडे जमिनीला लागतात. आता चवडेही लागत नाहीत असं वाटून त्यांनी टेबलाची कड धरली.

छापखान्याच्या बांधणी खात्यातलं त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला डोळे खाणारं. बत्तीस पानांचं चित्रांचं पुस्तक म्हणजे सोळा सोळा पानांचे, घड्या घातलेले दोन फर्मे. ते एकावर एक ठेवायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, म्हणजे जिथे पुस्तकाची पाठ होणार तिथे, एक बारीक काळी खूण छापलेली असते. पहिल्याची डोक्याकडे, दुसऱ्याची थोडी खाली. शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पाठी पुढे करून ठेवला की या खुणांच्या दोन सरळ रेघा दिसतात. एखाद्या पुस्तकात फर्मा गळला, किंवा एकच फर्मा दोनदा गेला, तर रेघ नेमकी तिथे तुटते. बाई रेघेला अंगठा लावून वरून खाली येत आणि तुटलेल्या जागचं पुस्तक दोन बोटांनी ओढून काढत. मग गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण. त्या खुणेखालून गेलेलं एकही पुस्तक एकतीस वर्षांत परत आलं नव्हतं. खात्यात नवीन बाई लागली की तिला पहिल्याच दिवशी हे सांगण्यात येई, आणि सांगणारी त्या वेळी आवाज जरा खाली आणत असे. पण बाई आजवर शोधत आल्या ते एवढंच, की यांच्यात वेगळं कोण आहे. सगळीच्या सगळी पुस्तकं एकसारखी चुकली तर वेगळं कोणीच दिसत नाही आणि रेघा सरळच राहतात, हे डोक्यात आलं नव्हतं.

कोणामुळे चुकलं हे शोधायलाही लांब जायला नको होतं. फर्मे उचलून एकावर एक ठेवणारी हे पुस्तक बांधलं त्या दिवशी रजेवर होती. तीनशे प्रतींचंच काम, म्हणून बाईंनी लांब टेबलावर ढीग स्वतः मांडले आणि बदलीवर आलेल्या दोघींना सांगितलं, डाव्या हाताचा वर, उजव्या हाताचा खाली. आता ते टेबल बाईंच्या छातीशी येतं. त्यांचं लाकडी स्टूल असतं भिंतीच्या बाजूला. त्या स्टुलावर चढून त्यांनी भिंतीकडून ढीग मांडले, पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, अगदी जिथल्या तिथे. बदलीच्या दोघी नेहमीप्रमाणे समोर खिडकीच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डाव्या हाताला जे आलं ते वर ठेवत गेल्या. स्टूल उचलून चार पावलं पलीकडे नेलं असतं तरी झालं असतं. किंवा खिडकीच्या बाजूला दुसरं एक स्टूल असतं तर. पण दुसरं स्टूल कधी नव्हतंच आणि बाईंनी ते कधी मागितलंही नव्हतं.

म्हणजे घात केला तो उंचीने, आणि तोही शिडीच्या पुस्तकात. बाईंना हसू यायला हवं होतं, आलं नाही. या खात्यातून जाणारी निम्मी पुस्तकं अशीच कोणा ना कोणा बारक्याची असत. मोठ्या यंत्रातला एवढासा स्क्रू, बंदरातली चिमुकली होडी, कोटाचं शेवटचं बटण. सगळ्यांचं गणित एकच. नवव्या पानापर्यंत मोठे हसतात, सोळाव्याला बारकं कोपऱ्यात जाऊन बसतं, तेविसाव्याला मोठ्यांचं काहीतरी अडतं आणि तिसाव्याला टाळ्या. या शिडीचंही तेच. रंगाऱ्यांच्या शेडमधल्या उंच शिड्या तिला हसतात, ती उंच दिसावं म्हणून विटांवर उभी राहते, आपटते, कोपऱ्यात जाते. पुढे मनोऱ्यातलं घड्याळ बंद पडतं, घड्याळाच्या खोलीचं छत इतकं बसकं की उंच शिड्यांचा शिरकावच नाही, मग हिची आठवण होते. नवीन पुस्तक आलं की बाई त्याची पहिली प्रत डबा खाताना वाचून काढत. आवडीने वाचत असं म्हणवत नाही. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते, तशा त्या वाचत. आणि दर वेळी तेविसाव्या पानाशी थांबून त्यांच्या मनात एकच येई, की समजा, घड्याळ बंद पडलंच नसतं तर? शिडीने काय केलं असतं? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि असं विचारणारी वाचकही बहुधा त्या एकट्याच होत्या.

घरी त्यांना बिटकी म्हणत. भावंडांत शेवटची, अंगापिंडाने एवढीशी. वडील हौशी माणूस. पाहुणे आले की हाक मारत, "बिटके, इकडे ये!" आणि मग बिटकीने कधी एका दमात सुईत दोरा ओवून दाखवायचा, कधी बरणीच्या चिंचोळ्या तोंडातून हात घालून तळाची गोळी काढायची. "दिसायला एवढीशी, पण बघा!" वडील म्हणत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. नऊ वर्षांची असताना एकदा एका पाहुणीच्या कानातल्याची फिरकी निसटून लोखंडी कपाटाखाली गेली. कपाट हलणारं नव्हतं. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. बिटकी जमिनीवर आडवी झाली, खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना धूळ लागली, एक मेलेलं झुरळ लागलं, फिरकी काही लागेना. वर चहाचे कप किणकिणले, बोलणं दुसरीकडे वळलं, थोड्या वेळाने चपलांचे आवाज झाले आणि पाहुणे गेले. ती तशीच पडून राहिली. संध्याकाळ झाली, हात बधिर झाला, गालावर फरशीची खडी उमटली, आणि केव्हातरी बोटांच्या टोकाला ते कणभर सोनं लागलं. ती उठून उभी राहिली तेव्हा खोलीत कोणीही नव्हतं. फिरकी मुठीत धरून ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली होती. पन्नाशी उलटली तरी ती खोली आणि त्या खुर्च्या बाईंना जशाच्या तशा दिसत.

मालकांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"किती प्रती?"

"तीनशे. ढीग मीच मांडले होते. तपासलंही मीच."

"बरं. परत मागवू. उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या, दुसरं काय! होतं असं." एवढं बोलून त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. या 'बरं'चं काय करायचं ते त्यांना कळेना. दोन महिन्यांपूर्वी एक विक्रेता आला होता. रेघा तपासणारं कॅमेऱ्याचं यंत्र आहे म्हणाला, माणूस लागत नाही म्हणाला. तेव्हा मालक सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आमच्याकडे बाई आहेत. आम्हाला यंत्र कशाला?" त्या एका वाक्यावर बाईंनी दोन महिने काढले होते. सकाळी जिना चढताना ते आठवायचं आणि गुडघे कमी दुखायचे. आता केबिनमधून निघता निघता त्यांना मालकांच्या टेबलावर त्या यंत्राचं रंगीत पत्रक दिसलं, सताड उघडं. मग त्यांना कोणी काही सांगायची गरज उरली नाही. साठीला अजून सहा वर्षं होती. ही खुर्ची गेली तर दुसरी कोण देणार, आणि खुर्ची नसलेल्या बाईंनी दादाच्या घरात कुठल्या तोंडाने राहायचं?

घर दादाचं आणि वहिनीचं. आई-वडील गेल्यावर दादा म्हणाला, "बिटके, आता एकटी कशाला राहतेस?" त्याला बावीस वर्षं झाली. कोणी कधी उणा शब्द बोललं नव्हतं, कारण बाईंनी बोलायला जागाच ठेवली नव्हती. दादाचे सरकारी कागद त्या भरत, गळका नळ त्या ओळखत, संध्याकाळी घरी आलं की वहिनीने वाळलेल्या कपड्यांच्या घातलेल्या घड्या काठाला काठ जुळवून पुन्हा घालून ठेवत. जेवायला बसल्या तरी निम्मं लक्ष कोणाला काय हवं तिकडे. चुकीबद्दल त्या आठ दिवस घरात चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट कामाचा सपाटाच लावला. माळा आवरला, पंख्याची पाती पुसली, दादाचे चाळीस वर्षांचे फोटो तारखेने लावले. "काय गं, अंगात काय आलंय तुझ्या?" वहिनीने विचारलं. "काही नाही, पडून होतं ते," बाई म्हणाल्या. रात्री अंथरुणात त्या मनातल्या मनात परत आलेल्या प्रती मोजत.

कारण प्रती परत येत होत्या. दुकानदार भला, गठ्ठे फोडलेलेही नव्हते बरेचसे. दीडशे आल्या, मग शंभर, मग एका शाळेतून चाळीस, मग सुट्या नऊ. प्रत्येक प्रत बाई स्वतः उसवत होत्या, सुरीने दोरा कापून दोन फर्मे वेगळे करत होत्या आणि वहीत आकड्यासमोर खूण करत होत्या. पुस्तकं जागेवर येतील तसा आपला जीवही जागेवर येईल अशी त्यांची समजूत होती. दोनशे नव्व्याण्णव झाल्या आणि गाडं अडलं. शेवटची प्रत दोन चौक पलीकडच्या केस कापायच्या दुकानात होती आणि तो सलूनवाला ती द्यायला तयार नव्हता. दुकानदाराने दोनदा माणूस पाठवला, दोनदा तो हात हलवत परत आला. "सोडा हो, एका प्रतीने काय होतंय," मालक म्हणाले. पण बाईंना ती एक प्रत झोपू देईना. कुठल्याशा दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, आपली चूक उघडी पडली आहे आणि लोक ती चाळत आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक नीट शिवलेली प्रत पिशवीत घातली आणि डबा न खाताच निघाल्या.

दुकान अरुंद होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला लागून बाकडं. सलूनवाला साठीचा, पोट सुटलेला, आणि जीभ कात्रीच्या बरोबरीने चालणारा. खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकली होती आणि फळीवर चार-साडेचार वर्षांची एक मुलगी गळ्याभोवती चादर बांधून बसली होती. चादरीवर पुस्तक उघडं. बाकड्यावर तिचे आजोबा पेंगत होते.

"या. पण बायकांचे केस मी कापत नाही हं," सलूनवाला आरशातूनच म्हणाला. "लहान मुली चालतात." मग त्याचं बाईंकडे नीट लक्ष गेलं आणि तो उगाच कंगवा झटकू लागला.

"मी केसांसाठी नाही आले. छापखान्यातून आलेय. ते पुस्तक…"

"आलात का! मी त्या माणसाला सांगितलंय, मी विकत घेतलंय ते. देणार नाही."

"अहो, त्यात चूक आहे. मागची पानं पुढे लागलीत. मी बरोबर प्रत आणलीय, बदलून देते. पैसे नकोत."

"चूक?" कात्री थांबली. "मला वाटलं मुद्दाम केलंय. म्हटलं, चला, शेवटी कोणाला तरी अक्कल आली. बसा, बसा. जरा मान खाली गं बाळ. असं आहे बघा, बाई. पोरांचे केस कापायला मला किती वेळ लागतो? सोळा पानं. पोर एकीकडे पानं उलटतं, मी एकीकडे कापतो. आता तुमची ती बाकीची पुस्तकं घ्या. सोळाव्या पानाला काय असतं? सगळे हसलेत, तो बिचारा कोपऱ्यात रडतोय. तेवढ्यात माझे केस होतात. मी चादर झटकतो, आई म्हणते चल, उशीर झाला. पोर भोकाड पसरतं. लोकांना वाटतं मी कान कापला! एक पोरगी तर दारातून परत आली. म्हणाली, काका, तो स्क्रू अजून हरवलेलाच आहे का? मी काय सांगणार? मी तरी पुढचं कुठे वाचलंय!"

"पुढे तो सापडतो," बाई नकळत बोलून गेल्या. "तेविसाव्या पानावर."

"हो ना? पण तेविसाव्यापर्यंत केस कोणाचे पुरतात? आणि ह्याच्यात बघा. बसल्या बसल्या घंटा, बसल्या बसल्या टाळ्या. आधी टाळ्या झाल्या की पोर निवांत बसतं. मग कात्री चालव नाहीतर यंत्र फिरव, मान हलत नाही. महिना झाला, माझ्या दुकानात कोणी रडलं नाही." त्याने चादर सोडली, मुलीच्या मानेवर पावडरचा ब्रश फिरवला आणि तिला फळीवरून उतरवलं. "आजोबा, उठा. तुमचा नंबर. तुम्हाला पुस्तक मिळणार नाही."

आजोबा खुर्चीत गेले. मुलगी पुस्तक घेऊन बाकड्यावर चढली, पार मागे भिंतीला टेकली आणि पाय हलवू लागली. बाई शेजारी, बाकड्याच्या कडेला. मुलीने त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं. आपल्या मापाचं मोठं माणूस तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"मावशी, तुझे पाय पोचतात?"

"कडेला बसलं की पोचतात."

"मग मागे बस ना."

"नको. बरी आहे अशीच."

मुलीला ते फारसं पटलं नाही, पण तिला काम होतं. तिने पुस्तकाचं नाव असलेलं पान उलटलं. पलीकडे रंगाऱ्यांची शेड, रांगेने उंच शिड्या, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. बाईंना ते पान पाठ होतं. तरी त्यांनी विचारलं, "या का हसतायत?"

"तिने घंटा वाजवली ना! म्हणून यांना मज्जा आली." पान उलटलं. शिडी विटांवर उभी होती. "आता ती परत खेळतेय." पान उलटलं. शिडी तोंडावर आपटली होती, विटा इकडे तिकडे. "धप्पकन!" म्हणून मुलगी खळखळून हसली, आणि आपण इतकी वर्षं या पानावर श्वास धरून बसत होतो हे बाईंना आठवलं. मग सोळावं पान आलं. शेडचा कोपरा, खिडकीतून येणारं मावळतीचं ऊन, वरच्या पायरीला कोळ्याने नुकतंच लावलेलं जाळं, आणि भिंतीला टेकून उभी असलेली तीन पायऱ्यांची शिडी. एकटी. या चित्राइतकं दुःखी चित्र बाईंना दुसरं माहीत नव्हतं.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता काही नाही."

"काही नाही?"

"झोपली ती. दमली ना. हळू बोल."

बाईंनी चित्राकडे पुन्हा पाहिलं. चित्र तेच होतं. रंग तेच, रेघ तीच. त्यांनीच शिवून घेतलेला कागद होता तो. पण शिडी खरंच झोपली होती. ऊन तिच्या अंगावर पडलं होतं, कोळी आपलं काम करत होता, आणि तिला कोणी शोधत नव्हतं कारण शोधायचं काही कारण नव्हतं. उद्या घड्याळ बंद पडो न पडो. हे चित्र तसंही बघता येतं हे ज्या माणसाने ते काढलं त्यालासुद्धा माहीत नसेल. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं एवढं त्यांना लगेच कळलं. आठ दिवस आवळून धरलेलं काहीतरी छातीत सैल झालं होतं. मुलीने आवाज न करता पुस्तक मिटलं, शिडी जागी होऊ नये म्हणून असेल, आणि बाकड्यावर ठेवून दिलं.

"मग, नेताय?" सलूनवाल्याने आजोबांच्या डोक्यावरून विचारलं. आवाजात धाकधूक होती.

"नाही. राहू दे. ही पण ठेवा हवी तर, बरोबर लागलेली."

"ती नको," तो घाईने म्हणाला. "ती माझ्या कामाची नाही."

परतीच्या वाटेवर बाईंना कडकडून भूक लागली. छापखान्यात येऊन त्यांनी आधी डबा खाल्ला, निवांत, पुस्तक समोर न धरता. मग वही काढली आणि तीनशेव्या आकड्यासमोर, खूण करायच्या जागी, लिहिलं, 'वापरात आहे.' आणि वही घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या. एरवी त्या दारात उभ्या राहून बोलत. आज आत गेल्या.

"मला काढणार आहात का?"

मालक दचकले. "कोण म्हणालं?"

"यंत्राचं पत्रक उघडं आहे तुमच्या टेबलावर. आठ दिवस बघतेय."

"हे? अहो, ह्याच्यावर मी डबा ठेवतो. टेबलाला डाग पडतात." त्यांनी पत्रक उचलून दाखवलं. कॅमेऱ्याच्या ऐन डोळ्यावर तेलाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. "आणि परवा मी त्या माणसाला फोन केला होता. म्हटलं, दोन्ही ढीग उलटे लागले तर तुमचं यंत्र बोंबलेल का? तर म्हणाला, रेघ सरळ असेल तर नाही बोंबलणार."

"म्हणजे मी यंत्राइतकीच चुकले."

"हो. फक्त 'ढीग मीच मांडले' असं सांगायला ते माझ्याकडे आलं नसतं." त्यांनी पत्रक खाली ठेवलं. "आता दर गठ्ठ्यातलं एक पुस्तक उघडून बघत जाऊ. पण बाई, ढीग उलटे लागलेच कसे?"

बाईंनी सांगितलं. स्टुलाचं सांगताना कान तापले, पण सांगितलं.

"मग दुसरं स्टूल करून घ्या की खिडकीच्या बाजूला. सुताराला आजच सांगतो. एकतीस वर्षांत मागितलं का नाहीत?"

"मागितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं," बाई म्हणाल्या.

"काय कळलं असतं?"

माझी उंची, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडायच्या आत त्यांना हसू फुटलं. इतकं, की शिवायचं यंत्र क्षणभर थांबलं आणि खात्यातल्या बायका माना वळवून बघू लागल्या. बाईंना हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा दादा वर्तमानपत्र वाचत होता आणि वहिनी पलंगावर कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. बाई पिशवी ठेवून समोरच्या खुर्चीवर बसल्या, कडेला.

"वहिनी, मी कामावर चुकले. तीनशे पुस्तकं उलटी गेली."

वहिनीचा हात थांबला. दादाने वर्तमानपत्र खाली केलं. "तीनशेच्या तीनशे?" त्याच्या आवाजात थोडं कौतुकच होतं.

"तीनशेच्या तीनशे."

वहिनीने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "बरं झालं बाई एकदाचं!" ती म्हणाली आणि मग स्वतःच चपापली. "रागावू नकोस, बिटके. पण बावीस वर्षं मी घड्या घालतेय आणि बावीस वर्षं तू संध्याकाळी येऊन त्या मोडून पुन्हा घालतेस. मी काही बोलत नाही. पण रोज वाटतं, आज पुन्हा नापास."

"मी मदत म्हणून करत होते गं."

"ते कळतं मला. पण मागितली कोणी?"

"नाही केली तर…" बाई अडखळल्या. मग म्हणाल्या, "नाही केली तर इथे मी राहू कशी?"

वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि तिने मांडीवरचा टॉवेलच डोळ्यांना लावला. शेवटी दादाने वर्तमानपत्राची घडी घातली, वाकडीतिकडी, नेहमीसारखी. "तू लहानपणापासून अशीच," तो म्हणाला. त्याला लहान बहिणीवर करवादल्याशिवाय माया दाखवता येत नसे. "ती फिरकी आठवते? कपाटाखाली पडून राहिली होतीस. केवढी भूक लागली होती मला त्या दिवशी!"

"तुला? तुला का?"

"का म्हणजे? तुझ्यामुळे! आईने केव्हाचं जेवण तयार ठेवलं होतं. बाबा म्हणाले, तिला हाक मारू नका, तिचं चाललंय तिचं. पण ती आल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत. आम्ही सगळे स्वयंपाकघरात ताटकळत बसलो होतो. आणि तू आलीस ती हात धुऊन मुकाट जेवायला बसलीस. फिरकी मिळाली का, तेसुद्धा कोणी विचारलं नाही. भुकेने जीव चाललेला, फिरकीचं कोणाला पडलंय!"

बाईंना ती खोली दिसली. रिकाम्या खुर्च्या, फरशीवरचं संध्याकाळचं ऊन, मुठीत फिरकी धरून उभी असलेली बिटकी. चित्र तेच होतं. फक्त भिंतीपलीकडे, एवढी वर्षं न उघडलेल्या पानावर, सगळं घर उपाशी बसून तिची वाट बघत होतं. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला.

वहिनीने नाक ओढून पुन्हा घड्या घालायला घेतल्या. टॉवेलचा काठ काठाला जुळला नाही, चांगला दोन बोटं बाहेर राहिला. तो बाईंना दिसला. न दिसून कसं चालेल, एकतीस वर्षांची नजर ती. वहिनीने तो टॉवेल तसाच ढिगावर ठेवला आणि तिरक्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

बाई खुर्चीत मागे सरकल्या. आणखी सरकल्या, पार पाठ टेकेपर्यंत. पाय जमिनीवरून उचलले गेले आणि हवेत लोंबू लागले. थोडा वेळ त्यांनी ते तसेच राहू दिले, आणि मग हळूच हलवून पाहिले.

"जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.